एक्क्यांची जोडी आणि ठरलेली चाल

कॅसिनोतील पोकरच्या टेबलावर तासाला साधारण तीस डाव होतात. पहिल्या दोन पानांत दोन्ही एक्के येण्याची शक्यता २२१ डावांत एकदा. म्हणजे सलग सात तास बसलेल्या खेळाडूच्या वाट्याला ही जोडी सरासरीने एकदा येते. एवढ्या प्रतीक्षेनंतर तो चाल वाढवतो, टेबलावरचे चार-पाच जण निमूटपणे तेवढेच पैसे टाकून डावात राहतात आणि अखेरीस कोणीतरी अठ्ठी-सत्तीच्या दोन जोड्या दाखवून सारी रक्कम ओढून घेतो. लिमिट होल्डेम खेळणाऱ्यांची जुनी तक्रार हीच आहे, की या खेळात एक्के चालत नाहीत.

तक्रार समजण्यासारखी असली तरी हिशेबात टिकत नाही. मात्र तिच्यामुळे खेळाडू दोन चुका करू लागतो. काही जण चांगली पाने आल्यावर चाल वाढवायलाच कचरतात, तर काही जण त्या पानांवर इतका जीव लावतात की ती हरली आहेत हे दिसत असतानाही सोडवत नाहीत. दोन्ही चुकांची किंमत डावागणिक थोडीच असते, आणि म्हणूनच ती लवकर लक्षात येत नाही.

तीन पत्ती किंवा रमी जाणणाऱ्या वाचकाला होल्डेमची रचना अवघड वाटणार नाही. प्रत्येकाला दोन पाने झाकून मिळतात. त्यानंतर टेबलाच्या मध्यभागी पाच पाने उघडी मांडली जातात आणि ती सर्वांची सामाईक असतात. प्रथम एकदम तीन, त्यांना फ्लॉप म्हणतात; मग एक, ते टर्न; शेवटचे एक, ते रिव्हर. हातची दोन आणि मधली पाच अशा सात पानांतून ज्याची पाच पाने सर्वांत वरचढ, त्याचा पॉट. पैसे लावण्याच्या फेऱ्या चार, एक फ्लॉपच्या आधी आणि प्रत्येक टप्प्यानंतर एकेक. पाने वाटण्यापूर्वी दोघांना सक्तीने पैसे ठेवावे लागतात, त्यांना स्मॉल ब्लाइंड आणि बिग ब्लाइंड म्हणतात. तीन पत्तीतील ब्लाइंडशी याचा नावापुरताच संबंध आहे.

लिमिट या शब्दाचा अर्थ चालीची रक्कम ठरलेली असणे. १०-२० डॉलरच्या टेबलावर पहिल्या दोन फेऱ्यांत चाल १० डॉलरची, पुढच्या दोन फेऱ्यांत २० डॉलरची. कोणी वाढवली तर तेवढ्यानेच वाढवायची आणि एका फेरीत सहसा एक चाल व तीन वाढी, यापुढे जायचे नाही. चारही फेऱ्यांत ही मर्यादा गाठली गेली, तरी एका खेळाडूचे एका डावात २४० डॉलरच्या वर जात नाहीत. चित्रपटांत दिसते तसे समोरचे सर्व पैसे मध्ये ढकलण्याचे दृश्य येथे घडत नाही. ते नो-लिमिट या दुसऱ्या प्रकारात घडते.

या एका फरकाने चांगल्या पानांचे सारे गणित बदलते. नो-लिमिटमध्ये एक्केवाला मोठी रक्कम लावून समोरच्याला पळवून लावू शकतो. लिमिटमध्ये त्याच्या हाती आणखी १० डॉलर एवढेच हत्यार असते. मध्ये शंभर डॉलर पडलेले असताना दहा डॉलरसाठी कोण उठून जाईल? त्यामुळे लिमिटच्या टेबलावर पाने अखेरपर्यंत पाहणारे पुष्कळ असतात आणि चांगली जोडी वारंवार मोडताना दिसते.

मोडते, तरीही फायद्यात राहते

आता तो हिशेब. एक्क्यांची जोडी एका अनोळखी हाताविरुद्ध अखेरपर्यंत खेळली गेली तर १०० पैकी ८५ वेळा जिंकते. दहा जणांच्या टेबलावर एकानेही पाने टाकली नाहीत, तर तीच जोडी १०० पैकी साधारण ३१ वेळाच जिंकते. म्हणजे ६९ वेळा हरते. तक्रार करणाऱ्याच्या लक्षात राहतात ते हे ६९ डाव.

परंतु पैशाकडे पाहिले तर चित्र उलटे आहे. प्रत्येकाने फक्त १० डॉलर लावले असे धरू. एकच प्रतिस्पर्धी असेल तर पॉट २० डॉलरचा. त्याचे ८५ टक्के म्हणजे १७, स्वतःचे १० वजा केल्यावर सरासरी लाभ ७ डॉलर. नऊ प्रतिस्पर्धी असतील तर पॉट १०० डॉलरचा. त्याचे ३१ टक्के म्हणजे ३१, वजा १०, लाभ २१ डॉलर. जिंकण्याची संख्या निम्म्याहून कमी झाली आणि लाभ तिप्पट झाला. टेबलावरच्या दहावा हिस्सा पैसे टाकून जवळपास तिसरा हिस्सा परत मिळत असेल, तर आणखी लोकांनी आणखी पैसे टाकावेत अशीच इच्छा धरली पाहिजे. एक्के आल्यावर चाल वाढवायची ती दुसऱ्यांना घालवण्यासाठी, हा समज म्हणूनच अर्धवट आहे. कोणी गेले तर ठीक, न गेले तर अधिक ठीक.

पाने लपवून ठेवण्याचा मोह येथे घातक ठरतो. एक्के हातात घेऊन फक्त बरोबरीचे पैसे टाकायचे, म्हणजे समोरचा गाफील राहील, ही युक्ती नवख्यांना फार हुशारीची वाटते. लिमिटमध्ये तिचा अर्थ एवढाच, की बिग ब्लाइंडवर बसलेल्याला कसलीही दोन पाने घेऊन फुकटात फ्लॉप पाहू दिला. पुढे कोणी सापळ्यात सापडलेच तरी त्याच्याकडून ठरलेल्या चालीपेक्षा जास्त काढता येत नाही. सोडून दिलेली वाढ अशा रीतीने भरून निघत नाही.

चांगली पाने कोणती, याची सर्वमान्य यादी डेव्हिड स्क्लान्स्की आणि मेसन मालमुथ यांच्या १९८८ च्या पुस्तकातून रूढ झाली. तिच्या पहिल्या गटात पाचच हात आहेत. एक्के, राजे, राण्या आणि गुलाम यांच्या जोड्या आणि एकाच रंगाचे एक्का-राजा. वेगवेगळ्या रंगांचे एक्का-राजा दुसऱ्या गटात. बावन्न पानांतून दोन पाने १,३२६ प्रकारे येऊ शकतात. त्यांपैकी पहिल्या गटातील फक्त २८. म्हणजे ४७ डावांत एकदा, वेळेच्या हिशेबाने दीड तासाला एकदा. मधल्या दीड तासात पाने टाकत बसण्याचा कंटाळा हा या खेळातील सर्वांत कमी चर्चिला जाणारा खर्च आहे. त्याच कंटाळ्यापोटी माणूस राजा-सत्तीलाही चांगली पाने म्हणू लागतो.

एका डावाची गोष्ट

उदाहरणादाखल १०-२० डॉलरच्या टेबलावरील एक डाव घेऊ. ब्लाइंड ५ आणि १० डॉलरचे. एका खेळाडूने १० डॉलर टाकून सुरुवात केली. त्याच्यानंतर बसलेल्या खेळाडूकडे इस्पिक राजा आणि चौकट राजा आहेत. त्याने चाल वाढवून २० केली. मागच्या दोघांनी २० टाकले, स्मॉल ब्लाइंडने पाने टाकली, बिग ब्लाइंड आणि पहिला खेळाडू यांनी उरलेले भरले. पाच जण, पॉट १०५ डॉलर.

फ्लॉपवर बदाम राणी, बदाम अठ्ठी आणि किलवर तिर्री आली. राजेवाल्यासाठी याहून चांगले फारसे मागता येत नाही. बिग ब्लाइंडने चेक केले, म्हणजे पैसे न लावता पाळी पुढे दिली. पहिल्या खेळाडूने १० डॉलर लावले. आता राजेवाल्याने काय करावे?

त्याने फक्त १० टाकले तर पॉट १२५ होतो आणि मागच्या खेळाडूला १० डॉलर टाकून १२५ साठी खेळता येते, म्हणजे एकास साडेबारा. समजा त्या मागच्याकडे एक्का आणि अठ्ठी आहे. त्याला उपयोगी पडतील अशी पाच पाने गड्डीत उरली आहेत, दोन अठ्ठ्या आणि तीन एक्के. न दिसलेल्या ४७ पानांपैकी पाच. म्हणजे पुढचे पान लागण्याविरुद्धचा भाव एकास ८.४. साडेबारा मिळत असताना तो योग्यच राहतो. पण राजेवाल्याने वाढवून २० केले तर पॉट १३५ होतो आणि मागच्याला २० टाकावे लागतात. भाव पावणेसातवर आला. आता अठ्ठीवाला राहिला तर त्या क्षणी तो तोट्याचा सौदा करतो. त्याने पाने टाकली, तर आपल्याला हरवू शकणारी पाच पाने डावातून गेली. लिमिटमधील चांगल्या पानांचे संरक्षण म्हणतात ते हेच. चालीची रक्कम वाढवता येत नाही, पण योग्य जागी बसलेल्याला समोरच्यापुढे एकाऐवजी दोन चाली मांडता येतात.

दोन्ही मागचे आणि बिग ब्लाइंड उठले, पहिल्याने आणखी १० भरले असे मानू. पॉट १४५. त्याच्याकडे बदामाची दोन पाने आहेत. आणखी एक बदाम आला की पाच पाने एका रंगाची. टर्नवर इस्पिक दुर्री पडली. पहिल्याने चेक केले, राजेवाल्याने २० लावले. पॉट १६५ झाला, पहिल्याला २० टाकायचे आहेत, भाव सव्वाआठ. त्याला बदाम येण्याविरुद्धचा भाव एकास चार आणि वर थोडा. त्याला घालवणे शक्य नाही आणि त्याचे थांबणे चूकही नाही. तरीही या फेरीत मध्ये पडलेल्या प्रत्येक २० डॉलरमध्ये राजेवाल्याचा वाटा ८० टक्क्यांच्या आसपास आहे. म्हणून लावायचेच. आधी जमलेल्या पैशामुळे पहिला थांबतो आणि नव्याने पडणाऱ्या पैशामुळे दुसरा लावतो. दोघेही बरोबर खेळत आहेत, ही गोष्ट पराभवानंतर समजावून घेणे अनेकांना जड जाते.

रिव्हरवर बदाम सत्ती आली. पॉट १८५ आहे आणि आता पहिला खेळाडू स्वतःहून २० लावतो. राजेवाल्याला जे दिसायचे ते दिसले. सुज्ञ माणूस पाने टाकून मोकळा होईल, असे वाटणे साहजिक आहे. पण मध्ये २०५ डॉलर आहेत आणि पाहण्याची किंमत २०. अशा प्रसंगी अकरा-बारा वेळांत एकदा जरी समोरच्याकडे राणीची जोडी निघाली किंवा तो थापच मारत असला, तरी पाहणे परवडते. प्रत्येक वेळी उदारपणे पाने टाकणारा खेळाडू वीस-वीस डॉलर वाचवत असतो आणि मधूनच दोनशेवर पाणी सोडत असतो. सोडलेले दोनशे त्याला कधीच दिसत नाहीत, कारण समोरच्याची पाने झाकलेलीच राहतात.

पाने कधी टाकायची

पैसे वाचतात ते बहुतेक आधीच्या टप्प्यांवर. राजांच्या जोडीला सर्वाधिक भय एक्क्याचे. फ्लॉपच्या तीन पानांत निदान एक एक्का येण्याची शक्यता साडेबावीस टक्के. राण्यांच्या जोडीला राजा किंवा एक्का आडवा येण्याची शक्यता ४१ टक्के, आणि गुलामांच्या जोडीपेक्षा वरचे पान ५७ टक्के वेळा पडते. चार जण डावात आहेत, एक्का पडला आहे, एकाने पैसे लावले आणि दुसऱ्याने वाढवले. येथे राजे घेऊन बसण्यात अर्थ नाही. ते सुधारतील अशी दोनच पाने गड्डीत आहेत, विरुद्ध भाव एकास साडेबावीस, आणि फ्लॉपवर पॉट क्वचितच तेवढा मोठा असतो. लिमिटमध्ये एक्का ठेवून खेळणारे फार, त्यामुळे एक्का कोणाकडेच नसेल ही आशा चार जणांपुढे सहसा फोल ठरते. एकटाच प्रतिस्पर्धी असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा एक्का पडला म्हणून लगेच शरण जाण्याचे कारण नाही.

एक्का-राजाचा प्रश्न निराळा आहे. ही पाने देखणी असली तरी जोडी नाहीत. वेगवेगळ्या रंगांचे एक्का-राजा अखेरपर्यंत गेल्यास दुर्रीच्या जोडीपुढेही किंचित मागेच राहतात. फ्लॉपवर एक्का किंवा राजा मिळून जोडी तयार होण्याची शक्यता ३२ टक्के, म्हणजे तीनपैकी दोन वेळा हाती काहीच लागत नाही. तरीही फ्लॉपपूर्वी चाल वाढवायचीच, कारण एक्का-दश्शी आणि राजा-गुलाम घेऊन मागे येणाऱ्यांना त्या वेळी जास्त पैसे भरावे लागतात. खरी परीक्षा फ्लॉप कोरडा गेल्यावर. एक प्रतिस्पर्धी असेल तर आणखी एक चाल लावून पाहावी. चौघे असतील तर पहिल्या प्रतिकारालाच पाने सोडावीत. टर्नला चाल दुप्पट होते, हे विसरून एक्का-राजा घेऊन आशेने पुढे जाणारा खेळाडू प्रत्येक टेबलावर एखादा तरी असतो.

ठरलेली चाल म्हणजे लहान जोखीम, असा मात्र समज करून घेऊ नये. डल्लासचे बँकर अँडी बील यांनी २००१ पासून लास व्हेगासमधील व्यावसायिकांशी दोघांच्या लिमिट होल्डेमचे सामने मांडले. रकमा एवढ्या मोठ्या होत गेल्या, की व्यावसायिकांना पैसे एकत्र करून आळीपाळीने बसावे लागले. २००६ च्या फेब्रुवारीत फिल आयव्ही याने तीन दिवसांत बील यांच्याकडून सुमारे १ कोटी ६६ लाख डॉलर जिंकले. दोघांच्या खेळात एक्क्यांची वाट पाहत बसण्याची सोय नसते. दर डावाला ब्लाइंड द्यावाच लागतो, त्यामुळे मध्यम पानांनाही चांगली मानून खेळावे लागते.

टेक्सासच्या विधिमंडळाने २००७ मध्ये या खेळाचे जन्मस्थान म्हणून रॉब्सटाउन या गावाला मान्यता दिली. तेथून तो १९६० च्या दशकात लास व्हेगासला आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियाच्या परवानाधारक खोल्यांत पोहोचला. त्या खोल्यांत बराच काळ लिमिटच चाले. २००३ मध्ये ख्रिस मनीमेकर या टेनेसीतील हिशेबनिसाने नो-लिमिटच्या विश्वस्पर्धेत २५ लाख डॉलर जिंकले, दूरचित्रवाणीने ते घरोघर दाखवले आणि नव्या खेळाडूंचा ओढा तिकडे वळला. लिमिट मागे पडले. महाराष्ट्रात पैसे लावून पत्ते खेळणाऱ्यांची गाठ १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याशी पडते. गोव्यात परवानाधारक कॅसिनोंना मुभा आहे. पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने २०२५ च्या ऑगस्टमध्ये संमत केला, त्यामुळे घरबसल्या पैसे लावून पोकर खेळण्याचा मार्ग देशात बंद झाला.

खेळाडूंचे लक्ष उडाले तरी संशोधकांचे उडाले नाही. रकमा ठरलेल्या असल्याने लिमिटची गणना संगणकाच्या आवाक्यात येते. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाच्या गटाने सुमारे ४,८०० प्रोसेसर दोन महिन्यांहून अधिक काळ चालवले आणि २०१५ च्या जानेवारीत ‘सायन्स’ या नियतकालिकात दोघांचा लिमिट होल्डेम व्यवहारतः सुटल्याचे जाहीर केले. सेफियस नावाच्या या प्रोग्रॅमविरुद्ध एखादा माणूस जन्मभर खेळला, तरी त्याच्या खेळातील त्रुटीचा खात्रीने फायदा उठवता येणार नाही, असा संशोधकांचा दावा आहे.

पहिली चाल वाढवायची की नुसती बरोबरी करायची, या जुन्या वादावर सेफियसचा कौल स्पष्ट आहे. पाने वाटणाऱ्याच्या जागी असताना तो नुसती बरोबरी १०० पैकी एकदाही करत नाही. प्रमाण आहे ०.०६ टक्का. खेळायचे तर वाढवायचे, नाहीतर पाने टाकायची. येथवर तो अनुभवी खेळाडूंशी सहमत आहे. पण समोरच्याने पुन्हा वाढवल्यावर नियमाने शिल्लक असलेली शेवटची वाढ करायची का, या प्रश्नावर त्याने भल्याभल्यांना चकित केले. अनेक नामवंत खेळाडू चांगल्या पानांवर ती वाढ करतात. सेफियस त्या जागी जवळजवळ नेहमी बरोबरी करून थांबतो, हातात एक्के असले तरी. याचा अर्थ साधारण असा लावता येतो, की चांगली पाने मध्यम पानांच्या घोळक्यात मिसळून राहिली तर टर्नच्या दुप्पट चालींत त्यांची किंमत अधिक चांगली वसूल होते, कारण त्या फेऱ्यांत पाने वाटणाऱ्याची पाळी शेवटी येते.

नऊ प्रतिस्पर्धी असलेल्या टेबलाचे असे उत्तर अजून निघालेले नाही. तेथे एक्के आल्यावर शेवटची वाढही करावी, हाच अनुभवी खेळाडूंचा सल्ला आहे. दोघांच्या खेळात मात्र सेफियस एक्क्यांवर ती वाढ ०.०१ टक्क्याहूनही कमी वेळा करतो. ती सर्वाधिक वेळा, म्हणजे ०.०६ टक्का, ज्या पानांवर होते, ती आहे दुर्रीची जोडी.